घरातल्या ज्येष्ठांचा विरंगुळा कसा बसवायचा: कोल्हापूरकरांसाठी टप्प्याटप्प्यानं

गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या दहा-बारा जणांनी तरी मला एकच विचारलंय, बाबा रिटायर झालेत किंवा आई एकटी पडलीय, तर कोल्हापुरात त्यांना कुठं पाठवू? आणि बहुतेक सगळ्यांनी विचारायच्या आधीच कुठंतरी फी भरलेली असते, बूट आणलेले असतात, आणि आठवड्याभरात जाणं बंद पडलेलं असतं. "कुठं" हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. त्याच्या आधी दोन कामं आहेत आणि ती केली नाहीत तर जागा कितीही चांगली असू दे, माणूस टिकत नाही.

हे मी आमच्या घरच्या चुकीवरून शिकले. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, अडतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर होते. रिटायर झाल्यावर दिवसभर टीव्हीसमोर. आम्ही उत्साहात एका क्लबची वर्षाची फी एकदम भरली, ट्रॅकपँट आणली, सकाळी साडेसहाला ह्यांनी गाडीवरून सोडायला सुरुवात केली. सहाव्या दिवशी मामा म्हणाले, "मला न्हाई जमत त्या लोकांत." आम्हाला वाटलं स्वभाव, हट्ट, सोडून दिलं. चार महिन्यांनी आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं की बीपीच्या गोळ्यांत एक लघवी जास्त होणारी गोळी आहे, ती ते सहाला चहाबरोबर घेतात, सातच्या सुमाराला दोनदा तरी जावं लागतं, आणि तिथल्या बाथरूमला कुलूप असायचं, किल्ली वॉचमनकडे. रोज चार लोकांसमोर किल्ली मागायची त्यांना लाज वाटायची. एवढंच कारण.

तेव्हापासून मी एकच सांगते, म्हातारं माणूस जे कारण सांगतं ते बऱ्याचदा खरं कारण नसतं. खरं कारण बाथरूम, कमी ऐकू येणं, गुडघा, पैसे, नाहीतर परत घरी कसं यायचं याची भीती, यातलं काहीतरी असतं. खालचे टप्पे त्या हिशोबानं लावलेत, क्रम मोडू नका.

टप्पा १: आठ दिवस फक्त बघा आणि वहीत लिहा

कुठंही फोन करू नका, चौकशी करू नका. एक साधी वही घ्या आणि आठ दिवस एवढंच टिपा: उठतात कधी, गोळ्या कुठल्या वेळेला, बाथरूमला कधी कधी जावं लागतं, दुपारी झोपतात का, दिवसातल्या कुठल्या तासाला चेहऱ्यावर तरतरी असते. आमच्या मामांची तरतरी दुपारी साडेचार ते सात. आम्ही पाठवत होतो पहाटे, का, तर व्यायाम सकाळीच करायचा असतो असं सगळे म्हणतात म्हणून.

दुसरं, विचारायचं कसं. "तुम्हाला काय आवडतं?" असं विचारलंत तर उत्तर येतं "मला काय नको, मी बराय घरात." त्याऐवजी जुनं विचारा. तरुणपणी सुट्टीच्या दिवशी काय करायचा? कुणाबरोबर असायचा? कुठल्या तालमीत बसायचा, मॅच बघायला जायचा का, भजनाला जायचा का? हे विचारलं की माणूस बोलत सुटतो आणि त्या बोलण्यात दोन-तीन धागे सापडतातच. मामांनी अर्धा तास फुटबॉलवरच सांगितलं, ज्याचं नाव आमच्या घरात दहा वर्षांत निघालं नव्हतं.

आईच्या बाबतीत अजून एक बघायचं, तिच्या अंगावर घरातलं काय काय काम आहे. नातवंडाला शाळेतून आणणं, संध्याकाळची कणीक, कुकर. ती "मला वेळ नाही" म्हणते ते खरं असतं. आधी तिचा आठवड्यातला दोन संध्याकाळचा वेळ घरातल्या बाकीच्यांनी मोकळा करून द्यायचा, मग पुढचं बोलायचं. हे न करता भजनी मंडळात नाव घातलं तर तिचं सगळं लक्ष घड्याळाकडं राहतं.

तपासा: वहीत तरतरीची वेळ, बाथरूमची वेळ आणि किमान दोन जुन्या आवडी आल्यात का? नसतील तर अजून चार दिवस थांबा.

टप्पा २: अंगाची तयारी

डॉक्टरांकडं एकदा जाऊन या, आणि नुसतं "फिरायला जाऊ का" असं विचारू नका, कारण उत्तर हो असंच येणार. हे विचारा: लघवीच्या गोळीची वेळ बदलता येईल का? किती वेळ चाललेलं चालेल? शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन चालायचं तर आधी काय खायचं? उठल्यावर चक्कर येते ती कशानं? गोळ्यांची वेळ आपल्या मनानं बदलायची नाही, हे अगदी लक्षात ठेवा.

कान आणि डोळे तपासून घ्या. ऐकू कमी येत असेल तर घोळक्यात माणूस गप्प बसतो, हसतात तेव्हा हसतो आणि घरी येऊन म्हणतो मजा नाही येत. आपल्याला वाटतं बुजरे आहेत.

मग पाय. इथं कोल्हापूरकरांना एक कळकळीनं सांगते, फिरायला जाताना कोल्हापुरी चप्पल नको. चामड्याचा तळ ओल्या फरशीवर सरकतो आणि मागं पट्टा नसतो. रंकाळ्याच्या पदपथावर पावसाळ्यात आणि सकाळच्या दवात हे फार धोक्याचं. रबरी तळ, मागून बंद, अर्धा बोट मोकळी जागा असलेला बूट घ्या आणि तो संध्याकाळी घ्यायला जा, कारण पाय दिवसभरात थोडे सुजतात. बूट आणल्यावर चार दिवस घरातच घालून वावरायला सांगा. नवा बूट घालून पहिल्याच दिवशी लांब चालवलं तर फोड येतो, आणि शुगर असलेल्यांना फोड म्हणजे साधी गोष्ट नाही.

खिशात एक कार्ड ठेवा. त्यावर नाव, आजार, गोळ्यांची नावं, रक्तगट, घरातल्या दोघांचे मोबाईल नंबर. मोठ्या अक्षरात, मराठीत, प्लॅस्टिकमध्ये घालून. शुगर असेल तर त्याच खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोजची बिस्किटं. घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी आली की लगेच बसायचं आणि खायचं, घरी पोचेपर्यंत थांबायचं नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर जागेवर बसायचं आणि १०८ ला फोन.

सावध: थंडीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला बाहेर पडायचा हट्ट नको. ऊन वर आल्यावर निघा. उन्हाळ्यात उलटं, आठच्या आत घरात.

टप्पा ३: आता जागा

वहीतली आवड आणि वेळ समोर ठेवा आणि मग निवडा. मी आवडीप्रमाणं सांगते, सगळ्या जागा सगळ्यांसाठी नाहीत.

*चालायची आवड.* रंकाळा सगळ्यांच्या तोंडात पहिला येतो पण पूर्ण फेरी चार किलोमीटरच्या पुढं जाते, नवख्या सत्तरीच्या माणसाला ती पहिल्याच दिवशी घालायची नाही. तलावाची गोची अशी की अर्ध्यात आल्यावर मागं फिरलं काय आणि पुढं गेलं काय, अंतर तेवढंच. म्हणून पहिला महिना फेरी नाहीच, चौपाटीच्या बाजूला दहा मिनिटं जायचं, बाकावर बसायचं, दहा मिनिटं परत यायचं. तोल जात असेल, गुडघा दुखत असेल तर महावीर उद्यान किंवा हुतात्मा पार्क बरं, तिथं बंदिस्त जागा आहे, गाड्यांचा त्रास नाही आणि थकलं की गेट जवळ. विद्यापीठाचा परिसर मोठा, झाडीचा, हवा छान, पण चढउतार आहे आणि घरापासून लांब असेल तर जाण्यायेण्यातच दम जातो. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम सांगते. हे १५० मिनिटं एकदम नाही, रोज वीस-पंचवीस मिनिटं धरलं तरी होतात. वेग किती, तर चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर कमी करा.

*गप्पांची आवड.* याला फी लागत नाही आणि कोल्हापुरात याची कमी नाही. पेठेतल्या तालमीचा कट्टा, देवळाचा ओटा, टाऊन हॉलची बाग, बागेतला ठरलेला बाक. गंगावेशला दूध कट्ट्यावर संध्याकाळी जुनी मंडळी भेटतात. तिथल्या धारोष्ण दुधाचा मोह सगळ्यांना होतो, पण पोट नाजूक असेल किंवा शुगर असेल तर नुसतं बसायचं, दूध घरी तापवलेलं प्यायचं. ज्यांची जुनी पेठ सुटली आणि जे आता उपनगरात मुलाकडं फ्लॅटवर राहायला आलेत त्यांच्यासाठी तर मी म्हणते नवीन क्लब शोधण्याआधी आठवड्यातून दोनदा जुन्या पेठेत नेऊन सोडा. चाळीस वर्षांची ओळख तिथं तयार आहे, ती नव्यानं करायला लागत नाही.

*विरंगुळा केंद्र, ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब.* बऱ्याच भागांत आहेत. कॅरम, बुद्धिबळ, पत्ते, वाढदिवस, व्याख्यानं. पत्त्यांच्या बाबतीत एक विचारून घ्या, पैसे लावून खेळतात का. दोन-पाच रुपये का असेनात, पेन्शन नसलेल्या माणसाला ते जड जातं आणि तो सांगत नाही, नुसता जायचा बंद होतो. हास्यक्लबला जाणाऱ्यांनी हर्निया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, डोळ्याचं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण जोरात हसण्यानं पोटावर दाब येतो.

*वाचन.* करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. वाचनालयाचा फायदा पुस्तकापेक्षा जास्त, सकाळी वर्तमानपत्र वाचायला म्हणून रोज बाहेर पडायचं कारण मिळतं, आणि तिथं बोललं नाही तरी चालतं. अबोल माणसाला ही जागा सगळ्यात चांगली. मोतीबिंदू असेल तर आधी ते ऑपरेशन करून घ्या, नाहीतर दहा मिनिटांत डोळे दुखून परत येतील.

*गाणं, नाटक, प्रदर्शन.* दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात चित्रांची प्रदर्शनं, व्याख्यानं, कार्यक्रम चालू असतात, बऱ्याच वेळा प्रवेश फुकट. देवल क्लबला शास्त्रीय गाण्याच्या मैफली होतात. केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ ला आग लागली, त्यामुळं नाटकाची जाहिरात दिसली की प्रयोग नक्की कुठल्या हॉलला आहे ते वाचून, फोन करून मगच तिकीट काढा, जुन्या सवयीनं खासबागेत जाऊन उभं राहू नका. राजारामपुरीत सातव्या गल्लीत चंद्रकांत मांडरे कलादालन आहे, शांत जागा. टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, तासाभरात होतं, सोमवारी जाऊ नका, बंद असतं. नाटकाला सीट मागची पण कडेची घ्या, मध्यंतराच्या आधी उठायला लागलं तर दहा जणांचे गुडघे ओलांडायला नकोत.

*फुटबॉल.* हे लोक विसरतातच. शाहू स्टेडियमवर हिवाळ्यात सीझन चालू झाला की उन्हाळ्यापर्यंत दुपारी मॅचेस असतात, आणि पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस ही टीमची नावं ज्यांच्या रक्तात आहेत अशी सत्तरीतली माणसं घरात टीव्हीसमोर बसलेली असतात. पण नीट न्यायला पाहिजे. बसायच्या जागा सिमेंटच्या पायऱ्या आहेत, खाली घालायला जाड उशी न्या, डोक्याला टोपी, खालच्या दोन पायऱ्यांवरच बसायचं. फायनल आणि कट्टर टीमच्या मॅचला नेऊ नका, सुटताना गर्दी होते आणि वादावादी पण होते. मॅच संपायच्या पाच मिनिटं आधी बाहेर.

*देव, भजन.* अंबाबाईचं रोजचं दर्शन ज्यांचा नेम आहे त्यांना बाकी काही शोधायची गरज नाही, तेच त्यांचं चालणं आणि तेच भेटणं. फक्त नवरात्र, शुक्रवार आणि नोव्हेंबर व जानेवारी-फेब्रुवारीतल्या किरणोत्सवाच्या दिवसांत बाहेरूनच कळसाला हात जोडायचे असं आधी ठरवून ठेवा. बायकांसाठी हरिपाठ, भजनी मंडळ, श्रावणातली मंगळागौर. भिशीला हरकत नाही, पण भिशीच्या निमित्तानं "पैसे डबल" वाली स्कीम आणणारी बाई किंवा माणूस प्रत्येक घोळक्यात कधी ना कधी येतोच.

सावध: विरंगुळ्याच्या कुठल्याही ठिकाणी ओळख झालेल्या माणसाच्या सांगण्यावरून पैसे गुंतवायचे नाहीत, फुकट तपासणी शिबिरात गादी, पट्टा, मशीन विकत घ्यायचं नाही, ओटीपी सांगायचा नाही. हे पहिल्याच दिवशी घरात शांतपणे बोलून घ्या. फसल्यावर म्हातारी माणसं लाजेनं गप्प बसतात, म्हणून "काही झालं तरी आम्ही रागावणार नाही" हे सुद्धा तेव्हाच सांगून ठेवा.

आणि बाजार. कपिलतीर्थ मंडईत जाऊन भाजी निवडणं, लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार, हे ज्यांना आवडतं त्यांच्याकडून ते काढून घेऊ नका. आपण मोबाईलवरून भाजी मागवतो आणि वर त्यांना विरंगुळा शोधत बसतो. फक्त पिशवी दोन किलोच्या वर जाऊ नये एवढं बघा.

टप्पा ४: आधी आपण जाऊन बघायचं

हा टप्पा सगळे गाळतात. ज्या वेळेला ते जाणार आहेत त्याच वेळेला, त्याच वारी, आपण एकटं जायचं आणि अर्धा तास थांबायचं. रविवारी बघितलेली बाग आणि मंगळवारी संध्याकाळची बाग वेगळी असते. बघायचं काय:

१. बाथरूम आहे का, उघडं आहे का, आत पाणी आहे का, कमोड आहे की भारतीय पद्धतीचं, धरायला काही आहे का. स्वतः आत जाऊन बघा, कुणाला विचारून समाधान मानू नका.

२. गेटपासून बसायच्या जागेपर्यंत पायऱ्या किती, कठडा आहे का. बाक पाठीचा आहे की नुसता ओटा. पाठ टेकायला नसेल तर वीस मिनिटांत कंबर बोलते.

३. संध्याकाळी सात नंतर दिवे लागतात का. परतीच्या रस्त्यावर भटकी कुत्री आहेत का.

४. केएमटीचा, म्हणजे महापालिकेच्या बसचा, स्टॉप किंवा रिक्षा किती लांब, रस्ता ओलांडायला लागतो का. हायवे किंवा मोठा चौक ओलांडायला लागत असेल तर ती जागा बाद, कितीही चांगली असली तरी.

५. तिथली माणसं नवीन माणसाला जागा देतात का. आपण नुसतं बाजूला बसून बघायचं, कुणी "काय पावणं, कुणाकडचं?" म्हणून विचारलं तर जागा चांगली. सगळे आपापल्यात असतील तर नवख्याला तिथं रुळायला वेळ लागेल.

तपासा: पाचपैकी पहिलं आणि चौथं जमत नसेल तर दुसरी जागा बघा. बाकीच्यावर काहीतरी तोडगा निघतो.

टप्पा ५: सोबत

एकट्याला अनोळखी घोळक्यात सोडून गाडी वळवून निघून यायचं नाही. आम्ही तेच केलं होतं. आधी त्या ठिकाणी जाणारं एक तरी ओळखीचं माणूस शोधा, गल्लीतलं, जुन्या कामावरचं, लांबचं नातं, कोल्हापुरात तीन माणसं विचारली की चौथं ओळखीचं निघतंच. त्यांना घरी चहाला बोलवा. दोघांची चहावर ओळख झाली की जाताना "उद्या मी पाचला खाली येतो, या" असं ते स्वतः म्हणतात, आणि आपल्या दहा आग्रहांनी जे होत नाही ते त्या एका वाक्यानं होतं. मामांच्या बाबतीत दुसऱ्या कारखान्यातले एक निवृत्त फिटर निघाले, दोघंही आता रोज बाकावर बसून कुठल्या मशीनवर किती मायक्रॉनचं काम व्हायचं यावर तासभर बोलतात.

कुणीच नाही सापडलं तर पहिले पाच-सहा दिवस आपण बरोबर जा, पण बाजूला दहा पावलांवर बसा. चिकटून बसलात तर ते तुमच्याशीच बोलतील.

ज्यांचा जोडीदार नुकताच गेलाय त्यांच्यासाठी घाई करू नका. तिथं पहिलं काम एका माणसाशी रोज बोलणं एवढंच. खाणं सुटलं, झोप सुटली, जगायचं नाही असं बोलायला लागले तर विरंगुळा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडं न्या. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाईन १४५६७ आहे, तिथं सल्ला पण मिळतो आणि त्रासाची तक्रार पण घेतात.

टप्पा ६: पहिले तीन आठवडे

पहिला आठवडा: दोनच दिवस, अर्धा तास. जास्त बसायचं म्हणाले तरी अर्ध्या तासात उठवा, अजून थोडं बसलो असतो असं वाटत घरी आलेलं माणूस परत जातं. घरी आल्यावर "कसं वाटलं?" असं विचारायचं नाही, "कोण कोण भेटलं?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला "बरं" एवढंच उत्तर येतं.

दुसरा आठवडा: तीन दिवस, पाऊण तास. जाताना सोडा, परत एकट्याला किंवा सोबत्याबरोबर येऊ द्या. रिक्षाचे सुट्टे पैसे खिशात घाला. पैसे मागायला लागू नयेत ही गोष्ट फार मोठी आहे, आठवड्याचे दोन-तीनशे रुपये चहापाण्याला म्हणून एका डब्यात ठेवा आणि हिशोब मागू नका. घोळक्यात सगळे आळीपाळीनं चहा पाजतात, आपली पाळी आली की खिसा रिकामा असलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून येत नाही.

तिसरा आठवडा: त्यांच्या मनानं जाऊ दे. आठवण करू नका. दोनदा तरी आपण होऊन निघाले तर बसलं समजा, आणि तेव्हा फी भरा, ती पण महिन्याची किंवा तीन महिन्यांची. वर्षाची नको.

नाही गेले तर ओरडायचं नाही. वही काढा आणि बाथरूम, कान, गुडघा, पैसे, परतीचा रस्ता, हे पाच एकेक करून बघा. समोरासमोर विचारू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाकडून काढा. सून किंवा नातू, यांना सांगतात जे मुलाला सांगत नाहीत.

सावध: फिरून आल्यावर सगळ्यांबरोबर मिसळ खायचा बेत रोजचा होतो. आठवड्यातून एकदा ठीक, कट कमी घ्यायचा. बीपी असलेल्यांनी रोज तो रस्सा, फरसाण आणि वर पापड खाल्लं तर चालण्याचा उपयोग शून्य.

टप्पा ७: सहल, पण रोजचं बसल्यावर

रोजचा नेम किमान दोन महिने चालला की मगच एक दिवसाची सहल. क्रम असा ठेवा, आधी अर्ध्या दिवसाची, मग पूर्ण दिवसाची, मुक्काम सगळ्यात शेवटी.

अर्ध्या दिवसाला पन्हाळा, साधारण वीस किलोमीटर. वर अंबरखान्याच्या मोकळ्या जागेत आणि तबक उद्यानात बसायचं, सज्जा कोठीचा जिना टाळायचा. कणेरी मठाचं म्युझियम बघायला आत बरंच चालावं लागतं, तर गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी अर्धंच बघायचं असं ठरवून जायचं. जोतिबाला रविवारी आणि चैत्र यात्रेत नको. पूर्ण दिवसाला नृसिंहवाडी, पण घाटाच्या पायऱ्या उतरायला लागतात, काठी आणि हाताला माणूस पाहिजेच. पौर्णिमा आणि गुरुवार सोडून जा, पावसाळ्यात तर जाऊच नका, पाणी मंदिरात येतं.

एसटीचा फायदा घ्या. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झालं की मोफत, आणि बायकांना वयाची अट नाही, सगळ्यांना अर्धं. वयाच्या पुराव्याला आधार कार्ड बरोबर ठेवा. दोन गोष्टींत लोक चुकतात: ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, आपलं कोल्हापूर हद्दीला लागून असल्यामुळं निपाणी-बेळगावला जाताना पुढच्या अंतराचे पैसे लागतात. आणि केएमटी ही महापालिकेची, तिला एसटीचे नियम लागू नाहीत, तिच्या सवलतीचं तिच्याच पास केंद्रावर विचारायचं.

निघायच्या आदल्या दिवशी: दोन दिवसांच्या गोळ्या, पाणी, एक जादा कपड्यांचा जोड, टोपी, कार्ड, चार्ज केलेला मोबाईल. दर दीड तासाला गाडी थांबली पाहिजे. हे ड्रायव्हरला निघतानाच सांगा, वाटेत सांगायला त्यांना संकोच वाटतो आणि मग ते पाणीच पीत नाहीत, आणि पाणी न पिल्यानं चक्कर येते.

टप्पा ८: पावसाळ्याचं आधीच ठरवा

जूनमध्ये पाऊस लागला की बसवलेला सगळा नेम मोडतो आणि ऑक्टोबरला परत शून्यापासून सुरुवात. आमचं पहिल्या वर्षी असंच झालं. म्हणून मे महिन्यातच घरातल्या किंवा छपराखालच्या जागेची सोय लावा. चालणं घरातल्या पॅसेजमध्ये किंवा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. तोल सांभाळायचा व्यायाम ओट्याला धरून, एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या, बाजूला माणूस उभं असताना. बाकावरच्या मंडळींना आळीपाळीनं एकेकाच्या घरी बोलवायचं, आठवड्यातून एकदा, चहा आणि बदामसत्ती.

आणि पुराचं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ च्या जवळ आलं की पंचगंगा घाट, नदीकडचे रस्ते, बाहेरगावची सहल सगळं बंद. जुन्या लोकांना पाणी बघायला जायची फार ओढ असते, प्रत्येक पुरात जातात, त्यांना अडवण्यापेक्षा घरातल्या कुणीतरी फोटो काढून आणून दाखवा, आणि यंदाचं पाणी २०१९ च्या खुणेपासून किती खाली आहे ते त्यांनाच सांगू दे.

पाऊस उघडला की टप्पा ४ परत करायचा. चार महिन्यांत बाक मोडलेले असतात, शेवाळ धरलेलं असतं, दिवे गेलेले असतात आणि बाथरूमला नवीन कुलूप लागलेलं असतं. यंदा मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मामांच्या बाकापाशी जाऊन सगळं बघून आले, किल्ली कुणाकडं असते ते विचारलं आणि त्या माणसाशी मामांची ओळख करून दिली, म्हणजे त्यांना मागायला लागू नये.